मेसेज साडेपाच तास उशिरा का जायचा

मे महिन्यात नागपुरात कूलर बंद पडला की घरात बसवत नाही. आमच्या दुरुस्ती सेवेत तक्रारीची मुदत संपायच्या दोन तास आधी कारागिराला आपोआप मेसेज जायला हवा. महाल भागातल्या एका आजींची मुदत होती संध्याकाळी 5ची. मेसेज गेला रात्री 8:30ला. आजी दिवसभर उकाड्यात. मला फार वाईट वाटलं.

आधी मेसेज पाठवणाऱ्या कंपनीवर संशय घेतला. पण नोंदी उघडल्या तर प्रत्येक उशीर नेमका साडेपाच तासांचा! मेसेजची रांग तुंबली असती तर उशीर कमीजास्त झाला असता. मुदत भारतीय वेळेत साठवलेली, सर्व्हर मात्र तिला यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ, आपल्या साडेपाच तास मागे) समजत होता. आता साठवतानाच संध्याकाळच्या 5चे 11:30 यूटीसी करतो. प्रलंबित तक्रारींच्या वेळाही बदलल्या.

तरी मेसेज 3ऐवजी 3:30ला. मेसेज पाठवणारा क्रॉन जॉब (ठरलेल्या वेळी आपोआप चालणारं काम) यूटीसीच्या तासाच्या ठोक्याला चालायचा, आणि आपली वेळ अर्ध्या तासाने सरकलेली. तो दर 5 मिनिटांनी लावला. तोच मेसेज पुन्हा जाऊ नये म्हणून ‘पाठवला’ ही खूणही ठेवली, ती विसरू नका.

दुसऱ्या दिवशी बर्डी भागातल्या तक्रारीचा मेसेज बरोबर 3 वाजता गेला.