नाकुरू सरोवराची सफारी: दोन मुक्कामांचे नियोजन कसे करावे

केनियाच्या सहलीच्या छापील कार्यक्रमात नाकुरू सरोवर राष्ट्रीय उद्यानाच्या वाट्याला बहुधा एकच मुक्काम येतो. उद्यान अवघे 188 चौरस किलोमीटरचे, म्हणजे ताडोबाच्या गाभा क्षेत्राच्या एक तृतीयांशाहूनही लहान असल्यामुळे ते अर्ध्या दिवसात पाहून होते, असे कारण त्यासाठी दिले जाते. नातेवाईक आणि मित्रमंडळींना घेऊन मी येथे पाच वेळा जाऊन आलो आहे आणि हे कारण मला अजिबात मान्य नाही. दोन रात्री देता येत नसतील, तर नाकुरू वगळावे आणि तो वेळ मसाई मारा या अभयारण्याला द्यावा.

कागदपत्रांचे काम सोपे आहे. 2024 पासून केनियाने व्हिसाऐवजी ई-टीए ही ऑनलाइन परवानगी सुरू केली असून तिचा अर्ज घरबसल्या भरता येतो. पीतज्वराची लस मात्र निघण्याच्या किमान दहा दिवस आधी सरकारमान्य केंद्रातच घ्यावी, कारण केनियाहून परतताना तिचे प्रमाणपत्र नसल्यास भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागू शकते. साठीच्या पुढच्या व्यक्तींनी आणि अंड्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावे, आणि त्याच भेटीत हिवतापाच्या प्रतिबंधक गोळ्यांविषयीही विचारून घ्यावे. केनियात प्लास्टिकच्या पिशव्यांवर 2017 पासून बंदी आहे. 2020 पासून राष्ट्रीय उद्यानांत एकदाच वापरायच्या पाण्याच्या बाटल्याही चालत नाहीत. त्यामुळे चकल्या आणि दशम्या डब्यात किंवा कापडी पिशवीत भराव्यात आणि पाण्यासाठी स्टीलची बाटली न्यावी.

हंगामाबाबत आपल्या शाळांच्या सुट्ट्या थोड्या आडव्या येतात. एप्रिल-मे हा तेथील मोठ्या पावसाचा काळ असतो, तर नोव्हेंबरात छोटा पाऊस येतो. जून ते ऑक्टोबर आणि जानेवारी-फेब्रुवारी हे कोरडे महिने उत्तम. मुलांच्या सुट्टीतच जायचे असेल, तर मे महिन्यापेक्षा ऑक्टोबरात येणारी दिवाळी केव्हाही बरी.

आता खऱ्या अडचणीकडे येतो, कारण माझी पहिली सहल येथेच फसली. 2014 मध्ये आम्ही सहाजण एका प्रवासी कंपनीच्या कार्यक्रमाने गेलो होतो. त्यात लिहिले होते, 'दिवस चौथा: मारा ते नाकुरू, दुपारी सफारी. दिवस पाचवा: सकाळी सफारी, नंतर अंबोसेली.' वाचताना दोन सफारी दिसत होत्या. प्रत्यक्षात मारापासून नारोकमार्गे नाकुरूला पोहोचायला सहा तास लागले, हॉटेलात जेवण होऊन निघायला साडेचार वाजले आणि प्रवेशद्वाराचे सोपस्कार संपेपर्यंत पाच. उद्यान सकाळी सहाला उघडते आणि संध्याकाळी सहाला बंद होते. विषुववृत्त अगदी जवळ असल्याने तेथे बाराही महिने साधारण साडेसहालाच सूर्य मावळतो, म्हणजे आपल्याकडच्या उन्हाळ्यासारखी लांबलेली संध्याकाळ तेथे कधीच मिळत नाही. आमच्या वाट्याला जेमतेम पाऊण तास आला. दुसऱ्या दिवशी अंबोसेली या दुसऱ्या उद्यानाचा पल्ला सात-आठ तासांचा असल्यामुळे चालकाने आठ वाजताच गाडी बाहेर काढली. माझ्या आईने त्या सहलीत गेंडा पाहिला तो प्रवेशद्वाराच्या फलकावर, आणि ती रुखरुख मला अजून आहे.

म्हणून पहिला नियम असा की नाकुरू माराच्या नंतर न ठेवता आधी ठेवावे. मुंबईहून नैरोबीची थेट विमानसेवा साधारण सहा तासांची आहे. त्या रात्री नैरोबीत विश्रांती घ्यावी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निघावे. अंतर 160 किलोमीटरच्या आसपास असले, तरी त्या महामार्गावर मालवाहू ट्रकांची रांग असते, त्यामुळे साडेतीन तास धरावेत. अशा रीतीने दुपारी दोनपर्यंत उद्यानात शिरता येते, मधला पूर्ण दिवस हाताशी राहतो आणि तिसऱ्या सकाळी माराकडे निघता येते.

दुसरा नियम त्याहून महत्त्वाचा आहे. 'दुपारी सफारी' हे शब्द कोणत्याही प्रस्तावात स्वीकारू नयेत. प्रवेशद्वारातून आत जाण्याची आणि बाहेर पडण्याची वेळ प्रत्येक दिवसासाठी लेखी मागावी. उद्यानाचे शुल्क दोन्ही दिवसांचे धरले आहे का आणि ते ऑनलाइन आगाऊ भरले जाणार आहे का, हेही विचारावे, कारण प्रवेशद्वारावर रोख रक्कम घेतली जात नाही आणि तेथे मोबाइलवर पैसे भरण्याची खटपट करण्यात सकाळचा सर्वोत्तम अर्धा तास जातो. गाडीत किती माणसे बसणार आणि प्रत्येकाला खिडकी मिळणार का, याचे उत्तर होय किंवा नाही एवढेच घ्यावे. 'आमची माणसे बघून घेतील' असे म्हणणाऱ्याला आगाऊ रक्कम देऊ नये. या प्रश्नांचा राग येणारी कंपनी मी दोनदा सोडली आहे आणि मला त्याचा पश्चात्ताप झालेला नाही.

राहण्यासाठी उद्यानातला लॉज परवडत असेल तर तोच घ्यावा, कारण सकाळी प्रवेशद्वारावर थांबावे लागत नाही. परवडत नसेल, तर मुख्य प्रवेशद्वार नाकुरू शहराला लागूनच असल्यामुळे शहरातले साधे हॉटेलही चालते.

फ्लेमिंगोंविषयी सर्वांत जास्त चुकीची माहिती दिली जाते. सरोवराचा काठ गुलाबी झालेला जो फोटो सगळीकडे छापतात, त्याच्या भरवशावर येथे येऊ नये. लहान रोहित, म्हणजे येथे दिसणारा लहान फ्लेमिंगो, हा पक्षी खाऱ्या, अल्कधर्मी पाण्यातल्या स्पिरुलिना या सूक्ष्म नील-हरित शैवालावर जगतो. 2010 नंतर या सरोवराची पातळी सतत वाढत गेली, जुने मुख्य प्रवेशद्वार पाण्यात गेले, पाणी सौम्य झाले, शैवाल घटले आणि पक्षी मोठ्या संख्येने उत्तरेच्या बोगोरिया सरोवराकडे सरकले. नाकुरूला आजही काही थवे दिसतात. मात्र केवळ त्यांच्यासाठी एवढा खर्च करायचा असेल, तर मधल्या दिवसातले काही तास काढून दोन तासांवरच्या बोगोरियाला जावे. त्याचे तिकीट वेगळे असते आणि तेथे काठावर गरम पाण्याचे झरेही आहेत. भिगवणला किंवा ठाण्याच्या खाडीत ज्यांनी फ्लेमिंगो मन भरून पाहिले आहेत, त्यांनी नाकुरूचा वेळ मुळीच मोडू नये.

कारण नाकुरूचे खरे धन गेंडे आहेत. 1987 पासून येथे कुंपणाच्या आत गेंड्यांचे संरक्षित क्षेत्र असून काळा आणि पांढरा असे दोन्ही गेंडे एकाच सकाळी दिसू शकतात. दोघांचाही रंग राखाडीच असतो, त्यामुळे ओठ पाहावेत. पांढऱ्याचा ओठ रुंद आणि सपाट असतो, काळ्याचा टोकदार, कारण पहिला गवत चरतो आणि दुसरा झुडपांची पाने ओरबाडतो. तिसऱ्या खेपेस सकाळी साडेसहाला दक्षिणेकडच्या कुरणात एक पांढरी मादी पिल्लासह आमच्या गाडीपासून वीसेक पावलांवर आली. चालकाने इंजिन बंद केले, तेव्हा तिच्या ओठांनी मुठी-मुठीने तुटणाऱ्या गवताचा कराकरा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. पिल्लू पुढे आणि ती मागे, अशी ती दोघे रस्ता ओलांडून गेली. ती दहा मिनिटे पाऊण तासाच्या सफारीत मिळणे कठीणच.

येथे ताडोबासारख्या ठरलेल्या फेऱ्या नसतात. सहा ते सहा आपली गाडी आपल्या गतीने फिरते, म्हणून दिवसाचा क्रम आपणच ठरवावा लागतो. उजाडताच दक्षिणेची कुरणे गाठावीत. उद्यान 1,750 मीटर उंचीवर असल्याने त्या वेळी स्वेटर लागतोच. नऊनंतर पिवळ्या सालीच्या बाभळींच्या वनात हळू फिरावे आणि फांद्यांवर नजर ठेवावी, कारण बिबट्या तेथेच असतो आणि कधीकधी सिंहही झाडावर चढलेले दिसतात. वाढलेल्या पाण्यात उभ्या राहिलेल्या मृत बाभळींवर पाणकावळे आणि मत्स्यगरुड बसलेले असतात. पेलिकन मात्र येथे मूळचे नव्हेत. 1960 च्या सुमारास डासांच्या नियंत्रणासाठी तिलापिया मासे सोडले गेले आणि त्यांच्यामागे ते आले. हत्ती या उद्यानात नाहीत, हे मुलांना आधीच सांगावे.

बबून क्लिफ हा कडा सरोवराच्या पश्चिमेला आहे. सकाळी तेथे गेल्यास सूर्य डोळ्यांवर येतो आणि फोटो काळवंडतात, तेव्हा तेथे दुपारी चारच्या सुमारास जावे. तेथे गाडीतून उतरण्याची परवानगी असते, परंतु उतरण्यापूर्वी सर्व काचा वर कराव्यात आणि खाण्याचा डबा पिशवीच्या तळाशी ठेवावा, कारण तिथली बबून माकडे हातातला घाससुद्धा ओढून नेतात.