कॉलेजच्या लॅबमध्ये व्हायरस आला तर काय करायचं, कुणाला सांगायचं

कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये मी बरीच वर्षं काम करतो आहे. एकदा सबमिशनच्या आठवड्यात एका मुलानं पेनड्राइव्ह लावला. ‘प्रोजेक्ट’ नावाच्या फोल्डरच्या कोपऱ्यात छोटा बाण दिसत होता. त्यानं डबल क्लिक केलं आणि फोल्डर नेहमीसारखं उघडलं, त्यामुळे त्याला शंका आली नाही. प्रिंट निघेना म्हणून तो शेजारच्या मशीनवर गेला, मग तिसऱ्या. गडबड आपल्याच पेनड्राइव्हमुळे झाली हे कळल्यावर मात्र तो घाबरून गप्प बसला. संध्याकाळपर्यंत अकरा मशीनना व्हायरसची लागण झाली होती.

लॅबच्या दारावर तेव्हा पाटी होती: ‘व्हायरस आढळल्यास दंड आकारला जाईल.’ त्या पोराला गप्प बसवलं ते या पाटीनं. पाटी मी त्याच आठवड्यात काढली.

पेनड्राइव्ह लावताना

पेनड्राइव्ह लावल्यावर लगेच आत शिरू नका. ड्राइव्हवर राइट क्लिक करून आधी स्कॅन करा. मग फाइल एक्स्प्लोररच्या ‘ऑप्शन्स’मधल्या ‘व्ह्यू’ टॅबवर जा आणि ‘हाइड एक्स्टेन्शन्स’वरची खूण काढा, म्हणजे फाइलच्या नावाचं शेपूट (एक्स्टेन्शन) दिसेल; ‘ईएक्सई’ शेपूट म्हणजे क्लिक करताच चालणारा प्रोग्रॅम. ही खूण असली की ‘निकाल.पीडीएफ.ईएक्सई’ ही फाइल नुसती ‘निकाल.पीडीएफ’ अशी दिसते, आणि फसवणारा नेमका त्याचाच फायदा घेतो.

फोल्डरवर बाण आहे आणि साइज एक-दोन केबी आहे? मग ते फोल्डर नाही, शॉर्टकट आहे. त्यावर क्लिक केलं की मागे व्हायरसची फाइल चालते आणि संशय येऊ नये म्हणून खरं फोल्डरही उघडतं. तुमचा डेटा बहुतेक वेळा तिथंच लपवलेला असतो, म्हणून घाईनं फॉरमॅट मारू नका. ‘हिडन आयटम्स’वर टिक करूनही फोल्डर दिसत नाहीत, कारण व्हायरस त्यांना सिस्टिम फाइल असल्याचाही शिक्का मारतो. स्कॅन पूर्ण झाल्यावर त्याच ‘व्ह्यू’ टॅबमधली ‘हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स’वरची खूण काढा, मग ते दिसतील. हवं ते कॉपी करून घ्या आणि खूण परत लावा.

आणखी एक, कळकळीनं सांगतो. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर टाकताना ‘आधी अँटीव्हायरस बंद करा’ अशी सूचना आली की तिथंच थांबा. चोराला आत घेण्यासाठी राखणदाराला घरी पाठवायला सांगताहेत.

मशीनला लागण झाली असं वाटलं तर

नेटवर्कची केबल काढा, वायफाय बंद करा. मशीन चालूच राहू द्या, रीस्टार्ट करू नका. काय झालं याच्या खुणा मेमरीत असतात. मोबाइलनं स्क्रीनचा फोटो काढा. त्या मशीनला दुसरा पेनड्राइव्ह लावू नका. तिथं ईमेल किंवा बँकेचं खातं उघडलं असेल तर दुसऱ्या, चांगल्या मशीनवरून पासवर्ड बदला आणि सगळीकडून लॉगआउट करा. पुढची साफसफाई लॅबवाल्यांवर सोडा. आम्ही खुणा नोंदवून घेतल्या की विंडोज सिक्युरिटीतला ऑफलाइन स्कॅन लावतो. मशीन रीस्टार्ट होऊन साधारण पंधरा मिनिटांत तो होतो.

कळवायचं कसं

‘सर, पीसी स्लो आहे’ एवढ्यावरून आम्हाला काहीच कळत नाही. असं लिहा: ‘मशीन क्रमांक १४. सकाळी ११:२० ला माझा पेनड्राइव्ह लावला. फोल्डरचे शॉर्टकट दिसले, एकावर क्लिक केलं. त्याआधी हाच पेनड्राइव्ह मशीन ९ ला लावला होता.’ शेवटचं वाक्य सगळ्यात मोलाचं, कारण पुढं कुठं शोधायचं ते त्यावरून कळतं.

लॅब असिस्टंटला सांगा, तो सिस्टिम ॲडमिनला सांगेल. प्रकरण मोठं असेल, म्हणजे फाइल लॉक झाल्या असतील किंवा विद्यार्थ्यांची माहिती बाहेर गेली असेल, तर ‘सर्ट-इन’ला, म्हणजे सायबर हल्ल्यांची दखल घेणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेला, कळवायचं असतं. त्यांचा टोल-फ्री नंबर १८००-११-४९४९. त्यांच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत घटना लक्षात आल्यापासून ६ तासांची मुदत दिली आहे. सकाळी दिसलेलं दुपारी सांगितलं तर त्यातले बरेच तास तिथंच संपतात. पैसे गेले असतील तर क्षणभरही न थांबता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

कॉलेजनं करायची कामं

विद्यार्थ्यांच्या लॉगिनला ॲडमिनचे अधिकार देऊ नका. अपडेट टाळू नका: १२ मे २०१७ ला फाइल लॉक करून खंडणी मागणारा ‘वॉनाक्राय’ व्हायरस जगभर पसरला, पण ज्या फटीतून तो शिरला ती बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिला होता. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा जुन्या मशीनची यादी आजच काढा.

बॅकअपची एक प्रत नेटवर्कपासून तोडलेल्या डिस्कवर ठेवा. आणि दर महिन्याला त्यातली एखादी फाइल परत काढून उघडून बघा. आम्ही पहिल्यांदा बघितली तेव्हा मागच्या सात महिन्यांची फोल्डर रिकामी निघाली.