संध्याकाळी साडेपाचच्या नोंदी : प्रयोगशाळेची डिजिटल वही बनवायला निघालेल्यांसाठी

बारावी सायन्स केलेल्या प्रत्येकाला रफ जर्नल आणि फेअर जर्नल हा प्रकार माहीत आहे. प्रॅक्टिकल होतं रफमध्ये, सही मिळते फेअरवर. संशोधकांसाठी डिजिटल वही बनवायचं काम मी पहिल्यांदा घेतलं तेव्हा अकरा महिने राबून एक देखणं फेअर जर्नल बनवलं, आणि ते फेअर आहे हे कळायला मला आणखी पाच महिने लागले. हे लिहितोय ते मुख्यतः त्या पाच महिन्यांबद्दल. बाकीचं सगळं शिकता येतं.

मी मूळचा खानापूर तालुक्यातला. बेळगावात इंजिनिअरिंग, मग पुण्यात साडेतीन वर्षं ॲपचे स्क्रीन काढायचं काम, मग वडिलांच्या आजारपणामुळे घरी परत. इथे एका प्रयोगशाळेत वनस्पतींच्या अर्कांवर काम चालायचं. पाच संशोधक विद्यार्थी, दोन शास्त्रज्ञ आणि त्यांच्यावर एक मॅडम. कागदी वह्या भिजायच्या, अक्षर लागायचं नाही, एखादा विद्यार्थी नोकरी लागून गेला की त्याच्या वहीतलं निम्मं कोणालाच कळायचं नाही. मॅडमना यातून सुटका हवी होती आणि मला काम हवं होतं.

ईएलएन (म्हणजे हीच प्रयोगशाळेची डिजिटल वही) म्हणजे काय, ऑडिट ट्रेल (कोणी केव्हा काय लिहिलं-बदललं याची आपोआप राहणारी नोंद) कशाला लागतो, प्रोटोटाइप (कच्चा नमुना) कसा करतात, हे तुम्हाला येतं असं धरून पुढे जातो.

मी मॅडमच्या केबिनमध्ये नऊ वेळा बसलो. प्रत्येक बैठकीत नवा रकाना निघायचा. नमुना क्रमांक, झाडाचा भाग, कुठून गोळा केला, द्रावक, द्रावकाचा बॅच नंबर, तापमान, रंग, निरीक्षण. शेवटी २३ रकाने झाले, त्यातले १७ सक्तीचे. एकही मोकळा राहिला तर ‘जतन करा’ हे बटण उठायचंच नाही. मॅडम खूश होत्या, कारण कागदी वहीत जे नेहमी राहून जायचं ते आता राहणं शक्यच नव्हतं.

पहिल्या महिन्यापासून रोज चौदा-पंधरा नोंदी पडू लागल्या. जॉन ब्रूक यांनी १९८६ साली तयार केलेली सिस्टीम युझेबिलिटी स्केल ही, वापरायला किती सोपं वाटतं हे विचारणारी, दहा प्रश्नांची चाचणी मी सगळ्यांकडून भरून घेतली. तिच्यात ६८ गुण सरासरी मानतात, आमचे ७६ आले. मी ते पानभर छापून मॅडमना नेऊन दिलं.

मग एकदा ऑडिट ट्रेलमधलं एक बारीक काम निघालं. त्यासाठी सगळ्या नोंदी वेळेनुसार लावल्या आणि पोटात गोळा आला. जवळजवळ प्रत्येक नोंद संध्याकाळी ५.३५ ते ६.२० या पाऊण तासातली. त्या प्रयोगशाळेत सॉक्सलेट, म्हणजे अर्क काढायचं उपकरण, सकाळी दहाला लागायचा आणि सहा-सात तास चालायचा. दर तासाचं तापमान लिहायचं असतं. मग दिवसभर ते तापमान होतं कुठे?

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप घरी ठेवून साडेनऊला जाऊन स्टुलावर बसलो. नऊ बैठकांत एकदाही मी टेबलाशी बसलो नव्हतो. दुपारपर्यंत जे दिसलं ते असं: तापमान टिश्यू पेपरवर, वजन हातमोज्याच्या पाठीवर, वेळ तळहातावर, बाकीचं फिल्टर पेपरच्या कापून उरलेल्या कोपऱ्यांवर. प्रयोगशाळेतले मामा, म्हणजे तिथले जुने अटेंडंट, बराच वेळ माझ्याकडे बघत होते. म्हणाले, ‘‘काय बघूलास गा इतकं?’’ मी सांगितलं. त्यांनी खालच्या खणातून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा काढला. आत नुसत्या चिठ्ठ्या. ‘‘झाडताना टाकून दिलं की पोरं रडत्यात. म्हणून संध्याकाळपर्यंत ठेवतो. तुझी वही संध्याकाळची हाय, दिवसाची वही ही.’’

डब्यातली एक चिठ्ठी मी अजून विसरलो नाही. फिल्टर पेपरचा तिकोनी तुकडा, त्यावर पेन्सिलीनं लिहिलेलं: ‘११.४०, काकवीसारखा, तळाला पांढुरकं, वास बदलला.’ चिठ्ठी तीन आठवड्यांपूर्वीची होती, डब्याच्या तळाशी राहून गेलेली. त्याच प्रयोगाची माझ्या वहीतली नोंद काढून बघितली. रंगाच्या यादीत मी आठ रंग दिले होते, त्यातला ‘ब्राउन’ निवडलेला. निरीक्षणात इंग्रजीत लिहिलेलं: नो सिग्निफिकंट चेंज. तळाचं पांढुरकं गेलं, वास गेला, अकरा चाळीसही गेले.

ते पांढुरकं कशामुळे आलं हे शोधायची वेळ नंतर आली, तेव्हा आधीच्या कोणत्या खेपांमध्ये ते दिसलं होतं हे सांगणारं वहीत काहीच नव्हतं. प्रयोग पुन्हा करायचा तर त्या झुडपाचा कोवळा पाला पावसाळ्याशिवाय मिळत नाही. ती चिठ्ठी लिहिणाऱ्या मुलीचे कित्येक महिने गेले. ती मला एक शब्द बोलली नाही, म्हणून ते जास्त लागलं.

आता हा सापळा नीट समजून घ्या, कारण तुम्हीही यात पडणार. सक्तीचा रकाना आला की अर्धवट नोंद जतन होत नाही. प्रयोग मात्र दिवसभर अर्धवटच असतो. सकाळी अकराला सतरापैकी चारच गोष्टी माहीत असतात. त्या चार कुठेतरी ठेवाव्या लागतात, म्हणून चिठ्ठी जन्मते. संध्याकाळी चिठ्ठी सापडली तर उतरवायची, नाही सापडली तर आठवायचं. आठवणीतून उतरताना आकडे गुळगुळीत होतात: ५८, ६१, ५९ असे तीन आकडे होते ते तिन्ही ६० होतात. जो रकाना लागू नाही त्यात काहीतरी भरल्याशिवाय बटण उठत नाही, मग डॅश येतो किंवा शून्य येतं, आणि सहा महिन्यांनी ते शून्य मोजलेलं होतं की नुसतं भरलेलं हे कोणीच सांगू शकत नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे या आठवणीतल्या नोंदीवर तुमची यंत्रणा तारीख, वेळ, नाव असा ठसठशीत शिक्का मारते. कागदावर खाडाखोड बघून वाचणारा सावध तरी होतो. इथे सावध व्हायला काही उरतच नाही.

औषध उद्योगातले लोक ‘अल्कोआ’ म्हणून पाच कसोट्या सांगतात: नोंद कोणी केली ते कळावं, ती वाचता यावी, काम होताना त्याच वेळी केलेली असावी, मूळ असावी, अचूक असावी. माझी वही पहिल्या दोन कसोट्यांवर पैकीच्या पैकी होती आणि तिसरीवर नापास. तिसरी गेली की चौथी-पाचवी आपोआप जातात.

म्हणून नोंदी किती झाल्या हे मोजू नका. वापर वाढला हा आकडा कोणी दाखवला तर विश्वास ठेवू नका, तुमचा स्वतःचा असला तरी. काम झालं केव्हा आणि नोंद पडली केव्हा, यांतलं अंतर मोजा. मी आता दर आठवड्याला एवढा एकच आकडा बघतो. आवडते का, सोपी वाटते का, हे विचारणाऱ्या चाचणीत आम्हाला ७६ मिळाले ते खोटे नव्हते. संध्याकाळी शांतपणे बसून फॉर्म भरणाऱ्याला तो सोपाच होता.

दुरुस्ती करायला अकरा महिने लागले नाहीत, सहा आठवडे लागले. वही उघडली की आता एकच मोकळी चौकट येते आणि कर्सर आधीच तिच्यात असतो. काहीही सक्तीचं नाही. दर काही सेकंदांनी आपोआप जतन होतं. तिचं नाव आम्ही सरळ ‘रफ’ ठेवलं आणि ते कोणाला समजावून सांगावं लागलं नाही. संध्याकाळी ‘फेअर’ उघडायचं, तिथे मॅडमचे रकाने आहेत. प्रत्येक रकान्याला ‘लागू नाही’ आणि ‘मोजलं नाही’ असे दोन वेगळे पर्याय आहेत. फेअर नोंद तिच्या रफशी बांधलेली असते, आणि रफमधलं काही पुसता येत नाही. चुकलं तर कागदावर एक रेघ मारतो तसं ते खोडलेलं दिसत राहतं. टॅबलेट झिप लॉकच्या पिशवीत घालून टेबलाच्या कडेला टांगला, कारण द्रावक लागलेल्या हातमोज्यांनी कोणी खिशातला फोन काढणार नाही आणि काढूही नये. वजनकाट्याच्या आकड्याचा फोटो एका बोटात निघतो. एवढंच.

भाषेबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण आपल्या भागात हा प्रश्न रोजचा आहे आणि बाहेरून आलेली कुठलीही वही तो सोडवत नाही. आमच्या टेबलावर एक मुलगी निपाणीची, एक मुलगा संकेश्वरचा, एक बैलहोंगलची. दोघांची शाळा मराठी, तिसरीची कन्नड, कॉलेज सगळ्यांचं इंग्रजी. निरीक्षण इंग्रजीतच लिहा असा माझा नियम होता, आणि त्या नियमानं त्यांचे डोळेच बांधले. काकवी म्हटलं की उसाच्या पट्ट्यात वाढलेल्या पोराला रंग, दाटपणा आणि चकाकी तिन्ही एका शब्दात कळतं. त्याला इंग्रजीत ‘ब्राउन’च्या पुढे जाता येत नसेल तर दोष त्याच्या डोळ्यांचा नाही. आता रफमध्ये मराठी, कन्नड, इंग्रजी, जे येईल ते. शोधासाठी आम्ही शब्दांची जोडयादी ठेवली: गढूळ लिहिलं तरी टर्बिड शोधल्यावर सापडतं. ही यादी विद्यार्थ्यांनीच वाढवली, आणि ती मला सगळ्या कोडपेक्षा मोलाची वाटते.

याच्या खाली दोन बारीक खड्डे आहेत. फोनच्या मराठी कीबोर्डवरून कोणी ७.४ टाकलं की ब्राउझरचा आकड्यांचा रकाना ते घेत नाही. बिचारा लिहिणारा समजतो की आपलंच चुकलं. साधा मजकूर म्हणून घ्या आणि आतल्या आत आकडा बदलून ठेवा, मूळ लिहिलेलं तसंच राहू द्या. दुसरं म्हणजे ‘दुसऱ्या’ हा शब्द. त्यातला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. एक ‘ऱ’ हे अक्षर वापरून, दुसरी साध्या ‘र’ला हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह लावून. डोळ्याला दोन्ही तंतोतंत सारखे, शोधाला मात्र दोन वेगळे शब्द. साठवताना दोन्हींचं एकच रूप करा, नाहीतर अर्ध्या नोंदी हरवल्यासारख्या होतात आणि मराठी चालत नाही असा निष्कर्ष निघतो.

घड्याळाचं थोडक्यात. जून-जुलैत आपल्याकडे वीज आणि नेट दोन्हींचा भरवसा नसतो, तेव्हा वही नेटशिवाय चाललीच पाहिजे. अशा वेळी टॅबलेटवरची वेळ आणि सर्व्हरला नोंद पोचल्याची वेळ दोन्ही ठेवा, एकावर दुसरी चढवू नका. बॅटरी पूर्ण उतरून चालू झालेल्या टॅबलेटचं घड्याळ चुकलेलं असू शकतं.

आता जे मला विचारलं जातं ते. कोर्स कुठला करू? माझं मत स्पष्ट आहे: प्रमाणपत्राच्या कोर्सवर पैसे घालू नका. तयार टेम्पलेटचे संच तर मुळीच नकोत, ते दुसऱ्या कोणाची फेअर वही असतात. पॅरिसच्या क्युरी इन्स्टिट्यूटमध्ये सुरू झालेलं ईलॅबएफटीडब्ल्यू हे डिजिटल वहीचं मुक्त सॉफ्टवेअर आहे; ते आपल्या मशीनवर बसवा आणि पंधरा दिवस घरातल्या आंबोळीच्या पिठाची नोंद त्यात ठेवा. किती वाजता भिजवलं, कधी वाटलं, कधी फुगलं, वास कसा. पिठाच्या हातांनी. तिसऱ्या दिवशी तुम्ही कागदावर लिहून ठेवाल आणि नंतर भरू म्हणाल. तो क्षण पकडा.

मार्गदर्शक कोण असावा? जो कधी प्रयोगशाळेत उभा राहिलेला नाही त्याचं ऐकू नका, मग तो कितीही मोठ्या शहरातून बोलत असो. मला पुण्यातल्या एका वरिष्ठांनी फोनवरून सांगितलं होतं की प्रमुखांना काय हवंय तेवढं पकड, बाकी लोक जुळवून घेतात. लोक जुळवून घेतात हे खरं आहे. ते डब्यात चिठ्ठ्या ठेवून जुळवून घेतात.

नियमांना घाबरू नका. अमेरिकेचा इलेक्ट्रॉनिक नोंदी आणि सह्यांचा नियम, ट्वेंटी-वन सीएफआर पार्ट इलेव्हन, १९९७ पासून लागू आहे. तो पहिल्यांदा वाचताना छाती दडपते, पण त्याला नोंद भरवशाची आणि मागे जाऊन तपासता येणारी हवी आहे. सतरा रकाने सक्तीचे करा असं तो कुठेही म्हणत नाही. औषध कंपनीचं काम मिळालं तर तिथल्या गुणवत्ता विभागाच्या माणसाला पहिल्याच आठवड्यात भेटा, शेवटच्या नको. आणि काम मिळणार आहे. अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेने स्वतःच्या प्रयोगशाळांना ३० जून २०२४ पर्यंत डिजिटल वहीवर यायला सांगितलं होतं. ही लाट आपल्याकडेही येतेय, आणि मराठी-कन्नड दोन्ही कानांवर पडत वाढलेल्या पोरांना त्यात जे कळेल ते इतरांना कळायला वेळ लागेल.

माझी पहिली वही फसली तरी मॅडमनी दुसरी माझ्याकडूनच करून घेतली. मी वेळांचा तो तक्ता आणि मामांचा डबा त्यांच्या टेबलावर ठेवला होता. त्या बराच वेळ चिठ्ठ्या वाचत राहिल्या, आणि मग सक्तीचे रकाने त्यांनी स्वतःच एकेक करून खोडले. चूक घेऊन गेलात तर लोक हाकलून देत नाहीत, लपवलीत तर मात्र गाठ आहे.

पहिल्या दिवशी प्रयोगशाळेत जाल तेव्हा प्रमुखांना भेटून लगेच बाहेर पडा. टेबलाशी स्टूल मिळतंय का बघा, मध्ये मध्ये बोलू नका. आणि संध्याकाळी झाडू फिरायच्या आधी, अटेंडंटना विचारून, कचऱ्याच्या टोपलीतले कागद बघा.