नांगरटीचा सीझन आला, रेडिएटर आणि गिअरबॉक्स दोन्ही एकदमच चेक करा

उन्हाळी नांगरट सुरू झाली की ट्रॅक्टर तापायच्या तक्रारी सगळ्यात जास्त येतात, कारण ऊन, वाळून कडक झालेली जमीन, धूळ, मळणीतला उडालेला भुसा आणि दिवसभर फुल लोडवर काम, हे सगळं एकाच वेळी येतं. इंजिनच्या तापमानाचा काटा लाल पट्ट्याकडे सरकला की बरेच जण पाणी ओततात आणि परत तास धरतात, पाणी गेलं कुठं हे मात्र कोणी बघत नाही. डिझेलमधली साधारण एक तृतीयांश ताकदच कामाला येते, बाकीची उष्णता म्हणून सायलेन्सरमधून आणि रेडिएटरमधून बाहेर पडावीच लागते. तिची वाट अडली तर इंजिन टिकणार नाही, सरळ आहे.

ही अडचण ट्रॅक्टरइतकीच जुनी आहे. १९०७ च्या सुमाराला हार्ट-पार कंपनीच्या ३०-६० मॉडेलमध्ये इंजिन पाण्याऐवजी तेलाने थंड करायचे. १९१७ च्या फोर्डसन ट्रॅक्टरला वॉटर पंपच नव्हता, गरम पाणी हलकं होऊन आपोआप वर जायचं आणि रेडिएटरमधून थंड होऊन खाली यायचं, पण पाण्याची लेव्हल वरच्या पाइपच्या खाली गेली की फिरणंच बंद. त्यातून मागच्या एक्सलला वर्म गिअर, म्हणजे स्क्रूसारख्या आट्यांचा गिअर, तो पण तापायचा आणि चालवणाऱ्याला सीटजवळ त्याची झळ लागायची. म्हणजे इंजिनची गरमी आणि गिअरची गरमी हे दोन्ही प्रश्न तेव्हापासून जोडीनेच चालत आलेत.

पुढे वॉटर पंप आला, थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी गरम झाल्यावरच रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह, आला, प्रेशर कॅप आली. ही कॅप दिसायला साधं झाकण, पण कामाची फार. सिस्टिममध्ये दाब धरून ठेवते म्हणून पाणी १०० अंशाला उकळत नाही, ०.९ बारची कॅप असेल तर नुसतं पाणीसुद्धा साधारण ११८ अंशापर्यंत टिकतं आणि कूलंट मिसळलेलं असेल तर अजून वर. कॅपचं रबर कडक झालं, चिरलं, की दाब धरत नाही, पाणी लवकर उकळतं आणि ओव्हरफ्लोच्या नळीतून जातं, मग लोक म्हणतात इंजिन पाणी पितंय. इंजिन थंड झाल्यावर रेडिएटरचा पाइप आत चेपलेला दिसला तर कॅपमधला उलटा व्हॉल्व्ह, म्हणजे थंड होताना आत परत वाट देणारा, अडकला असं समजा. कॅप बदलताना जुन्यावर जो आकडा आहे तोच घ्या, जास्त दाबाची घातली तर पाइप नाहीतर रेडिएटर फुटेल.

थर्मोस्टॅटबद्दल मला जरा जोर देऊन सांगायचंय. उन्हाळा आला की काही ठिकाणी तो काढूनच टाकतात, आणि हे चुकीचं आहे. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारी, वाट बंद करतो, तो काढला की थोडं पाणी रेडिएटरला न जाताच परत इंजिनमध्ये फिरतं, म्हणजे फुल लोडला उलट जास्त तापतं, आणि कमी लोडला इंजिन गरमच होत नाही, डिझेल नीट जळत नाही, लायनर (पिस्टन ज्यात चालतो ती नळी) झिजतात. थर्मोस्टॅटवरच डाउट असेल तर काढून भांड्यातल्या पाण्यात दोरीने लटकवा, भांड्याच्या तळाला टेकू देऊ नका, शेजारी थर्मामीटर धरा आणि हळूहळू गरम करा. आतलं मेण वितळून फुगलं की व्हॉल्व्ह वर सरकताना डोळ्यांना दिसतो, त्याच्यावर ८२ लिहिलं असेल तर त्याच्या आसपास उघडायला सुरुवात झाली पाहिजे. पाणी उकळलं तरी हलला नाही तर नवीन घ्या.

आता गिअरबॉक्सकडे. आधी नांगर जमिनीत असताना गिअर बदलायचा म्हणजे ट्रॅक्टर थांबवायलाच लागायचा. १९५४ साली इंटरनॅशनल हार्वेस्टरने टॉर्क अँप्लिफायर दिला, एक लिव्हर ओढला की क्लच न दाबता स्पीड साधारण एक तृतीयांश कमी आणि ओढ जास्त. १९५९ ला फोर्डचा सिलेक्ट-ओ-स्पीड आला, दहा गिअर लोडवर बदलणारा, मग बाकीच्यांचे असेच लोडवर बदलणारे पॉवरशिफ्ट गिअरबॉक्स आले, आणि १९९५ ला फेंडने व्हॅरिओ आणला ज्यात गिअरच्या पायऱ्याच नाहीत, हायड्रॉलिक आणि मेकॅनिकल दोन्ही वाटांनी ताकद जाते. सोय खूप झाली, पण क्लच प्लेटा आणि हायड्रॉलिक पंप ज्या तेलात चालतात ते तेल तापतं, म्हणून ऑइल कूलर लागतो, आणि तो बसवतात बहुतेक रेडिएटरच्याच पुढे. एसी असेल तर कंडेन्सर पण तिथंच. मग रेडिएटरला मिळणारी हवा आधीच गरम झालेली असते, आणि दोन जाळ्यांच्या मधल्या फटीत भुसा बसला तर बाहेरून सगळं स्वच्छ दिसतं पण इंजिनही तापतं आणि गिअरबॉक्सही.

त्यामुळे पुढची जाळी पुसून भागत नाही. कूलर सरकवून किंवा उघडून मधली फट बघा, हवा इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेने मारा, पुढून मारली तर कचरा अजून आत ठासतो. प्रेशर वॉशर जवळून मारू नका, पातळ पात्या वाकतात आणि तेवढी जागा कायमची बंद. फॅनभोवतीचं कव्हर तुटलं असेल तर बसवा, नाहीतर तीच गरम हवा परत फिरते. पुलीचा तळ चकचकीत दिसला तर बेल्ट खाली बसून घसरतोय, नुसता ताणून उपयोग नाही, बदला.

गिअर ऑइल हँडबुकमध्ये दिलेल्या स्पेसिफिकेशनचंच घाला, तेलात चालणारे ब्रेक असतील तर साधं गिअर ऑइल चालत नाही, ब्रेक आवाज करतात आणि प्लेटा खराब होतात. तेल दुधासारखं दिसलं तर त्यात पाणी गेलंय, काम थांबवा. आणि हाफ क्लचवर ट्रॅक्टर ओढू नका, खालचा गिअर टाका. इंजिन दबत असताना तसंच ओढत राहिलं तर लोड पूर्ण आणि आरपीएम कमी, म्हणजे पंप आणि फॅन दोन्ही हळू, काटा तिथंच चढतो.

तरी काटा लालमध्ये गेलाच तर नांगर उचला, पीटीओ (अवजार फिरवणारा मागचा शाफ्ट) बंद करा, पाणी शिल्लक असेल आणि बेल्ट शाबूत असेल तर दोन-तीन मिनिटं कमी आरपीएमवर चालू ठेवा म्हणजे पाणी फिरत राहील. बेल्ट तुटलाय किंवा पाणी सगळं गेलंय तर मात्र लगेच बंद. कॅपला हात लावू नका, पाइप हाताने दाबून मऊ लागेपर्यंत थांबा, मग कापड धरून पहिल्या टप्प्यापर्यंतच फिरवा आणि दाब निघू द्या. गरम इंजिनमध्ये गार पाणी ओतलं तर हेडला तडा जाऊ शकतो, त्यामुळे आधी पूर्ण निवू द्या आणि मगच थोडं थोडं भरा.