चर खोल करण्याआधी मातीचा रंग बघा: आम्ल-सल्फेट जमिनीसाठी पावसाआधीचा सल्ला

उन्हाळा सरत आला की खाडीकाठच्या, नदीमुखाच्या आणि जुन्या पाणथळ जमिनींवर दोन कामं हमखास निघतात: चर खोल करणं आणि निघालेला गाळ बांधावर टाकणं. बहुतेक जमिनींत ही कामं चांगलीच. आम्ल-सल्फेट जमिनीत, म्हणजे जिथला खालचा चिखल हवा लागली की आम्ल सोडतो तिथे, मात्र एवढ्यानंच पुढची अनेक वर्षं वाया जाऊ शकतात. त्यामुळे कुदळ मारण्याआधी थोडं थांबा आणि खालची माती पाहून घ्या.

समुद्राच्या पाण्यात सल्फेट असतं. खारफुटीच्या चिखलात कुजणारा पालापाचोळा असतो, गाळात लोह असतं आणि प्राणवायू जवळजवळ नसतो. अशा जागी जिवाणू सल्फेटचं सल्फाइड करतात, ते लोहाशी जुळतं आणि पायराइट हे खनिज तयार होतं. किनारी भागातला असा बराचसा गाळ गेल्या दहा हजार वर्षांतला आहे. पाण्याखाली असेपर्यंत पायराइटचा काही त्रास नाही. पाणी उतरलं, भेगा पडल्या, हवा आत शिरली की त्याचं गंधकाम्ल होतं. एक टन पायराइट असं पूर्ण बदललं तर दीड टनाहून जास्त गंधकाम्ल निघतं. सामू (pH; जितका कमी तितकं आम्ल जास्त) चारच्या खाली गेला की विरघळलेलं लोह स्वतःच उरलेल्या पायराइटला खाऊ लागतं, जिवाणू त्याला हातभार लावतात, आणि वेग कितीतरी वाढतो. म्हणून सगळा भर सुरुवात होऊ न देण्यावर हवा.

खालचा थर ओळखायला प्रयोगशाळा लागतेच असं नाही. मातीचा गिरमिट किंवा लांब फावडं घेऊन चराच्या ठरवलेल्या खोलीच्या अर्धा मीटर खालपर्यंत जा. निळसर-करडा किंवा हिरवट-करडा, मऊ चिखल लागला, मुठीत दाबल्यावर बोटांच्या फटींतून बाहेर आला आणि सडक्या अंड्यासारखा वास आला, तर तो पायराइटचा थर असण्याची दाट शक्यता आहे. किती खोलीवर लागला ते लिहून ठेवा. पुढचे सगळे निर्णय त्या आकड्यावर बेतायचे आहेत.

त्याच्या वर जुन्या मुळांच्या वाटांना धरून फिक्या, गवताच्या काडीसारख्या पिवळ्या रंगाचे डाग दिसले तर ते जारोसाइट. हे खनिज तीव्र आम्लातच बनतं, म्हणजे तिथे आम्ल आधीच सुटलेलं आहे. चराच्या तळाशी नारिंगी, पिसासारखा हलका गाळ साचत असेल तर तो बहुधा श्वर्टमनाइट. उडो श्वर्टमन या जर्मन मृदाशास्त्रज्ञानं मातीतल्या लोह-खनिजांचा आयुष्यभर अभ्यास केला. त्यांचं नाव मिळालेलं हे खनिज १९९४ साली फिनलंडमधल्या नमुन्यांवरून सविस्तर वर्णिलं गेलं. अभ्यासकांचं हे काम शेतकऱ्याच्या थेट उपयोगाचं आहे, कारण जारोसाइट आणि श्वर्टमनाइट दोन्ही आम्ल साठवून ठेवतात. पुढे त्यांचं गोथाइट हे दुसरं लोह-खनिज होताना ते आम्ल बाहेर पडतं. चरातल्या पाण्याला एकदा चुना दिला, सामू सुधारला, आणि काही दिवसांनी तो परत घसरला, तर चुना खोटा नव्हता. तळातलं खनिज बदलत होतं. म्हणून चुना दिल्यावर सामू एकदाच मोजून भागत नाही; निदान पावसाळाभर मोजत राहा.

आणखी एक खूण फसवी आहे. एरवी गढूळ असणारं चरातलं पाणी अचानक काचेसारखं नितळ, निळसर-हिरवं झालं की लोक खूश होतात. आम्लामुळे विरघळलेलं ॲल्युमिनियम चिकणमातीचे कण खाली बसवतं, त्यामुळे पाणी नितळ दिसतं. असं पाणी रोपांना किंवा जनावरांना देऊ नका. उलट पाण्यावरचा तेलासारखा तवंग पाहून घाबरायचं कारण नाही. काडीनं डिवचल्यावर त्याचे पापुद्र्यासारखे तुकडे झाले तर तो लोहाचा तवंग असतो, आणि एकटा तवंग म्हणजे आम्ल-सल्फेट जमिनीचा पुरावा नव्हे.

नेहमीचं माती परीक्षण इथे दिशाभूल करू शकतं. ताज्या निळ्या चिखलाचा सामू सातच्या आसपास येतो आणि अहवाल ‘उत्तम’ म्हणतो. त्यापेक्षा घरीच एक चाचणी करा. चिखलाचा एक सेंटिमीटर जाडीचा थर उघड्या भांड्यात पसरा, ओलसर ठेवा, वाळू देऊ नका, आणि सामू सुरुवातीला व आठ आठवड्यांनी मोजा. तो चार किंवा त्याखाली आला आणि अर्ध्या अंशाहून जास्त घसरला तर शंका उरत नाही. काही नमुन्यांना सोळा आठवडेही लागतात. हायड्रोजन पेरॉक्साइडची झटपट चाचणीही आहे, पण ३० टक्क्यांचं द्रावण कातडी भाजतं आणि चिखलावर उसळतं. ती जाणकाराकडून करून घ्या. प्रयोगशाळेत नमुना पाठवायचा तर पिशवीतली हवा काढून घट्ट बांधा आणि बर्फात ठेवून लगेच पोचवा. उन्हात वाळवलेला नमुना वाटेतच आंबतो.

‘भरपूर चुना टाकू’ म्हणणाऱ्यांनी हा हिशोब करून पाहावा. एक हेक्टर जमीन, दहा सेंटिमीटरचा थर, मातीची घनता १.२ धरली तर माती झाली १२०० टन. त्यात पायराइटमधलं गंधक एक टक्का म्हणजे १२ टन. ते सगळं आम्ल झालं तर मारायला सुमारे ३७ टन शुद्ध चुनखडी लागेल. मातीत सारखी मिसळत नाही म्हणून दीडपट धरायची. हे फक्त दहा सेंटिमीटरचं झालं. तेव्हा चुना वरच्या मुळांच्या थरापुरता, रोपवाटिकेपुरता आणि बांधापुरता वापरा. खालच्या थराचा बंदोबस्त पाण्यानंच करायचा.

म्हणजे करायचं काय? चर उथळ आणि रुंद ठेवा, तळ पायराइटच्या थराच्या वरच राहू द्या. उघाडी (पाणी अडवायचं-सोडायचं दार) किंवा फळ्या टाकून कोरड्या महिन्यांतही भूजल त्या थराच्या वर टिकवा. फिनलंडमध्ये नियंत्रित निचरा याच तत्त्वावर करतात. निळा चिखल निघालाच तर त्याच दिवशी पाण्याखाली परत टाका. ते जमत नसेल तर चुनखडी नीट मिसळल्याशिवाय बांधावर ठेवू नका. ऑस्ट्रेलियात केर्न्सजवळ ईस्ट ट्रिनिटी इथे १९७०च्या दशकात उसासाठी बांध घालून खारफुटीची जमीन कोरडी केली होती. ती इतकी आंबली की अखेर भरतीचं पाणी हळूहळू परत आत घेऊन, जोडीला चुना देऊन सुधारावी लागली. तिथे पुन्हा शेती झाली नाही.

पहिल्या दोन-तीन सरींचं पाणी सगळ्यात वाईट. उन्हाळाभर साचलेलं आम्ल, लोह आणि ॲल्युमिनियम ते एकदम घेऊन उतरतं. मासे मरतात ते बहुधा याच वेळी. हे पाणी शेतात अडवू नका, पण एका दमात नदीत किंवा शेजाऱ्याच्या तळ्यातही सोडू नका. थोडं थोडं, प्रवाह भरपूर असताना आणि सामू मोजून सोडा. चरातला काळा, तुपकट गाळ तेव्हा ढवळू नये. तो लोहाचा सल्फाइड असतो आणि ढवळला की पाण्यातला प्राणवायू पटकन संपवतो.

भात घेणार असाल तर लावणीच्या दोन-तीन आठवडे आधी शेत पाण्याखाली ठेवा, एकदा पाणी बदला, मग चिखलणी करा. पाण्याखाली सामू वाढतो, पण लोह विरघळतं. खालच्या पानांवर टोकाकडून तपकिरी ठिपके दिसू लागले आणि मुळांवर गंजाचा लेप आला तर ती लोहाची बाधा. जरा जून रोपं आणि लोह सहन करणारं वाण घ्या. स्फुरद, पालाश आणि जस्त कमी पडू देऊ नका, कारण कमतरता असली की बाधा वाढते. अमोनियम सल्फेट इथे टाळा, युरिया चालेल. मध्येच पाणी काढायचं तर थोडक्या दिवसांसाठी, आणि भेगा खालच्या थरापर्यंत जायच्या आत शेत परत भरा. भाजीपाला किंवा अननस लावायचा असेल तर गादीवाफे फक्त वरच्या मातीचे करा. वाफा उंच हवा म्हणून दोन वाफ्यांमधली सरी खोल खणायचा मोह होतो, आणि निळी माती नेमकी तिथूनच वर येते.