स्पीकर मधेच फट्ट करतोय? विंडोज फॉरमॅट मारण्याआधी या चुका टाळा

"भाऊ, स्पीकर मधेच फट्ट करून राहिला, काहून?" मार्च संपत आला की हा प्रश्न सुरू होतो आणि मे महिन्यात तर रोजचाच. आणि विचारणाऱ्याने तोपर्यंत काय काय केलेलं असतं ते ऐकून जीव जळतो. विंडोज नवीन टाकून झालं, ड्रायव्हर दोन-चार भलत्याच साइटवरून उतरवून झाले, नागपूरच्या बर्डी बाजारात जाऊन नवे स्पीकर आणून झाले, पैसे गेले, डेटा गेला आणि आवाज आहे तिथेच आहे. साधे स्पीकर असोत की महागडे, चुका मात्र त्याच त्या, म्हणून एकदा सगळं लिहूनच टाकतो.

आवाज कुठून येतो ते न बघताच इलाज सुरू करणं

बाकी सगळ्या चुका या एका चुकीतून निघतात. फट्ट आवाज कॉम्प्युटरच्या आतून येऊ शकतो, मधल्या वायरमधून येऊ शकतो, स्पीकरच्या आतल्या ॲम्प्लिफायरमधून येऊ शकतो किंवा थेट भिंतीतल्या लाइनमधून येऊ शकतो. यातलं कोणतं हे माहीत नसताना फॉरमॅट मारणं म्हणजे पोट दुखतं म्हणून डोळ्यात औषध टाकणं आहे.

काय करायचं ते सांगतो. स्पीकर चालू ठेवा, व्हॉल्यूम रोज ठेवता तेवढाच, आणि कॉम्प्युटरच्या मागचा हिरव्या भोकातला जॅक काढून बाजूला लोंबकळत ठेवा. जॅकच्या टोकाला हात लावू नका, लावला तर घूं करेल आणि तुम्ही उगाच घाबराल. आता थांबा. दहा सेकंद नाही, चांगला अर्धा तास थांबा, कारण जो आवाज दहा-वीस मिनिटांनी एकदा येतो तो तुमच्या सोयीने येणार नाही. इथेच सगळे पोरं हरतात, जॅक काढतात, दोन श्वास घेतात, "गेला आवाज" म्हणतात आणि लगेच ड्रायव्हर उडवायला बसतात.

जॅक काढल्यावरही फट्ट आलं तर कॉम्प्युटर निर्दोष आहे, त्याला हात लावू नका, भानगड लाइनमध्ये किंवा स्पीकरमध्ये आहे. नाही आलं तर तोच जॅक मोबाईलला लावा, मोबाईल चार्जिंगवर नको, आणि गाणं लावून बसा. मोबाईलवर स्वच्छ वाजलं तर मग कॉम्प्युटरला हेडफोन लावून बघा. हेडफोनमध्येही फट्ट येतं तर कॉम्प्युटरच्या आत शोधायचं, आणि हेडफोनमध्ये स्वच्छ पण स्पीकर जोडला की घाण असेल तर दोन्ही यंत्रांच्या जोडणीत आणि अर्थिंगमध्ये शोधायचं. याला एक रुपया लागत नाही, पण बूड टेकवून बसावं लागतं आणि नेमकं तेच कोणाला नको असतं.

मानेवाड्याकडचा एक पोरगा आहे, किरायाच्या खोलीत राहून लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. त्याच्या स्पीकरमधून ठरावीक वेळाने फट्ट. इतकं ठरावीक की हे सॉफ्टवेअरच आहे याची त्याला शंभर टक्के खात्री, कारण घड्याळ लावल्यासारखं दुसरं कोण वाजवेल. त्याने विंडोज टाकलं, वेगळं साउंड कार्ड घेतलं आणि शेवटी स्पीकरही बदलले, नवे स्पीकर जरा जास्तच जोरात फट्ट करायला लागले. मी त्याला पहिलं विचारलं, एक्सपोर्ट केलेल्या व्हिडिओत हा आवाज येतो का रे? तर नाही. तसं त्यातून सगळं सिद्ध होत नाही, कारण एक्सपोर्टला साउंड कार्ड लागतच नाही, पण ग्राहकाचं काम खराब होत नाहीये हे कळल्यावर पोराचा जीव भांड्यात पडला आणि तो शांत बसला. मग जॅक काढला आणि बसलो. चहा झाला, गप्पा झाल्या आणि जॅक मोकळा असतानाच फट्ट आलं. आणि त्याच क्षणी खिडकीतल्या कूलरच्या ताटीवर पडणाऱ्या पाण्याचा आवाज थांबला.

पाणी वाचावं म्हणून घरमालकाने कूलरच्या पंपाला टायमर लावून दिलेला. पंप थोडा वेळ चालायचा, मग बंद, मग परत चालू. कूलर, मॉनिटर आणि स्पीकर तिन्ही एकाच एक्स्टेंशन बोर्डावर. पंपाच्या आत तारेची गुंडाळी असते, तिच्यातला करंट एका झटक्यात तोडला की ती उलटा व्होल्टेजचा धक्का मारते, टायमरच्या कॉन्टॅक्टवर बारीक ठिणगी उडते आणि तो धक्का वायरीतून आणि हवेतूनही शेजारच्या स्पीकरमध्ये घुसतो. नवे स्पीकर जास्त ओरडत होते कारण त्यांचा ॲम्प्लिफायर जास्त ताकदीचा होता, बाकी काही नाही. आम्ही कूलरची पिन काढून दुसऱ्या भिंतीतल्या पॉइंटला लावली, तेवढ्यानेच आवाज बारीक झाला. मग वायरमनकडून टायमरच्या कॉन्टॅक्टवर स्नबर बसवून घेतला, म्हणजे ठिणगी दाबणारी जोडी, १०० ओहमचा रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर एकामागे एक जोडलेला. कंडेन्सर एक्स-टू क्लासचाच, म्हणजे थेट लाइनवर लावायला बनवलेलाच पाहिजे, २३० व्होल्टच्या लाइनवर साधा लावायचा नाही आणि हे काम स्वतः करायचं नाही. आवाज संपला.

नागपुरात उन्हाळ्यात घराघरात कूलर आहे, त्यामुळे मार्च ते जूनमध्ये अचानक सुरू झालेला फट्ट आवाज आधी कूलरवर ढकला, मग बाकीचं. तसंच फ्रिजचा कॉम्प्रेसर, नळाच्या वेळेला लागणारा टिल्लू पंप, जुन्या चोकवाली ट्यूबलाइट. खटका दाबला की आतून चर्र आवाज येत असेल तर त्याचे कॉन्टॅक्ट जळालेत, तो खटकाच बदला, फार खर्चाचं काम नाही. माझ्या घरी कॉम्प्युटर, मॉनिटर आणि स्पीकर एका बोर्डावर असतात आणि मोटर असलेलं काहीही त्या बोर्डावर येत नाही, पाहुण्याचं मिक्सरसुद्धा नाही.

तिसरी पिन तोडणं

हे बघितलं की माझं डोकं सणकतं. कोणीतरी व्हिडिओत सांगतो की अर्थची जाड पिन काढा म्हणजे घूं आवाज जातो, आणि पोरं पक्कड घेऊन पिन तोडून मोकळे होतात नाहीतर तीन पिनचं दोन पिन करणारं कन्व्हर्टर लावतात. आणि खरंच कधी कधी घूं जातो, म्हणून तर ही खोड पसरते.

पण कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमध्ये, म्हणजे आतल्या वीज पुरवणाऱ्या डब्यात, लाइन जिथून आत येते तिथे फिल्टरचे दोन छोटे कंडेन्सर असतात, एक फेजपासून बॉडीला आणि एक न्यूट्रलपासून बॉडीला. अर्थ नसली की बॉडी या दोघांच्या मधोमध तरंगते, म्हणजे साधारण ११५ व्होल्टच्या आसपास. करंट फार थोडा असतो म्हणून माणूस मरत नाही, पण कॅबिनेटला कोपर लागलं की झिणझिण्या येतात आणि टेस्टर पेटतो. हीच बॉडी ऑडिओच्या वायरीच्या जाळीतून स्पीकरला जोडलेली असते. म्हणून मग कॅबिनेटला हात लावला की टक्क, यूएसबी खोचली की फट्ट, शेजारचा पंखा लावला की खरखर. आणि उद्या एसएमपीएसमध्ये फेज खरंच बॉडीला टेकला तर वाचवायला काहीच उरत नाही. आवाजासाठी जीव धोक्यात घालणारा शॉर्टकट मी कोणालाच करू देत नाही, ओळखीचा असो की नसो.

आपल्याकडे दुसरी गोष्ट म्हणजे जमीन. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगच्या खड्ड्यातला ओलावा जातो आणि अर्थचा रेझिस्टन्स वाढतो. पावसाळ्यात ठीक असलेली अर्थिंग मेमध्ये नावापुरती राहते. मी उन्हाळ्यात दर रविवारी खड्ड्यात बादलीभर पाणी ओततो, कूलरची टाकी भरताना तेवढंच. वायरमनला मल्टिमीटर लावायला सांगा. फेज ते न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज ते अर्थ जवळपास तेवढंच आणि न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत, असं असेल तर अर्थिंगची निदान पहिली तपासणी पास झाली. न्यूट्रल ते अर्थ वीस-तीस दाखवत असेल तर अर्थिंग दुरुस्त करून घ्या, स्पीकरचा विषय नंतर. मात्र काही वायरमन बोर्डातच न्यूट्रलची वायर अर्थच्या भोकात जोडून "झाली अर्थिंग" म्हणतात, तसं केलं की मीटर एकदम शून्य दाखवतो आणि घरमालक खुश. तो बोर्ड लगेच उघडून घ्या, कारण न्यूट्रल कुठे तुटली तर अख्खे २३० व्होल्ट तुमच्या कॅबिनेटवर येतील.

अर्थिंग नीट असूनही सतत घूं राहिला, आणि लॅपटॉपचा चार्जर काढला की जात असेल, तर तो ग्राउंड लूप आहे, म्हणजे दोन यंत्रांच्या अर्थमधून ऑडिओच्या वायरीत फिरणारा नको तो करंट. ऑडिओच्या वायरीत मधे लावायचा ग्राउंड लूप आयसोलेटर मिळतो, आत छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, स्वस्तातल्याने बास किंचित कमी होतो पण पिन तोडण्यापेक्षा हजारपट बरा.

गाणं सुरू होताना आणि थांबल्यावर टक्क

हा आवाज बिघाड नाही, कॉम्प्युटर वीज वाचवतोय. काही वेळ शांतता झाली की साउंड चिप झोपते आणि परत जागी होताना टक्क करते. लिनक्सवाल्यांनी एसएनडी-एचडीए-इंटेल या साउंड ड्रायव्हर मॉड्यूलचं पॉवर-सेव्ह शून्य करून बघावं, आणि पाइपवायर ही आवाजाची यंत्रणा असेल तर तिचा मॅनेजर वायरप्लंबर पाच सेकंद शांतता दिसली की कार्ड झोपवतो, तो वेळही शून्य करता येतो. विंडोजवर यूएसबी स्पीकर किंवा यूएसबी साउंड कार्ड असेल तर पॉवर ऑप्शनमधलं यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबची वीज वाचवायची टिक काढा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि दिवसभर वापरून बघा, पाच गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने बरं झालं ते तुम्हालाही कळणार नाही आणि दुसऱ्याला सांगताही येणार नाही.

गाणं चालू असताना मधेच कट-कट

इथे खरंच ड्रायव्हरचा संबंध असतो, फक्त ऑडिओच्याच असेल असं नाही. वायफाय किंवा ग्राफिक्सचा ड्रायव्हर प्रोसेसर अडवून बसला की ऑडिओचा बफर, म्हणजे पुढे वाजवायचा आवाज साठवलेली जागा, रिकामा होतो आणि कट ऐकू येतो. लेटन्सीमॉन नावाचं फुकट सॉफ्टवेअर लावून ठेवा, ड्रायव्हरची कोणती फाइल जास्त वेळ घेते हे ते नाव घेऊन सांगतं. वायफाय बंद केल्यावर आवाज सुधारला तर उत्तर मिळालं. ड्रायव्हर लॅपटॉप किंवा मदरबोर्ड बनवणाऱ्याच्याच साइटवरून घ्या, "सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये" वाल्यांना घरात घेऊ नका.

रेकॉर्डिंग शिकणाऱ्या पोरांचं वेगळंच, कोणीतरी सांगितलं लेटन्सी, म्हणजे आवाजाला लागणारा उशीर, कमी चांगली म्हणून बफर ६४ सॅम्पलवर. सेकंदाला ४८००० सॅम्पल या रेटला ६४ म्हणजे फक्त १.३ मिलिसेकंद, एवढ्या वेळात साधा प्रोसेसर दहा प्लगइन कुठून चालवणार? रेकॉर्डिंगला १२८ किंवा २५६, आणि मिक्स करताना ५१२ नाहीतर १०२४ ठेवा, मिक्सला दहा-वीस मिलिसेकंदांनी काही बिघडत नाही.

बारीकसारीक

मोबाईल स्पीकरच्या डोक्यावर ठेवू नका, टूजीवर कॉल येताना टर्र-टर्र होतो तो त्याचाच.

व्हीएलसीमध्ये आवाज १०० च्या पुढे नेऊन "स्पीकर फाटला" म्हणू नका.

कॅबिनेटच्या पुढचा जॅक शक्यतो नको, त्याची वायर आतून ग्राफिक्स कार्डाच्या जवळून जाते, मागचा हिरवा वापरा.

ब्लूटूथ स्पीकर तुटक वाजत असेल तर त्याचा डोंगल यूएसबी थ्रीच्या पोर्टपासून लांब न्या, ते पोर्ट आणि त्यातली हार्ड डिस्क २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट करतात.

आधी कॉम्प्युटर, शेवटी स्पीकर चालू करा, आणि बंद करताना उलट.

व्हॉल्यूमची गोल खुंटी फिरवताना खरखर येते ती धूळ. बंद करून, पिन काढून कॉन्टॅक्ट क्लीनर मारा आणि खुंटी वीसेक वेळा इकडून तिकडे फिरवा. गंजलेले नट सोडवायचा स्प्रे तिथे मारू नका, त्याचा चिकटा आत राहतो आणि आणखी धूळ धरतो.

आणि सगळं तपासून झालं, जॅक काढला, पॉइंट बदलला, अर्थिंग बघितली, तरी जुना स्पीकर गरम झाल्यावर फट्ट करतोच, तर आतले कंडेन्सर बघायची वेळ आली. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरचं आयुष्य दर १० डिग्रीला साधारण अर्धं होतं असा ढोबळ हिशोब आहे, आणि आपण मे महिन्यात, बाहेर ४५ असताना, पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीला पाठ लावून स्पीकर ठेवतो. पिन काढून चांगला वेळ जाऊ द्या, मग मागचं झाकण उघडा, कंडेन्सरचं डोकं फुगलेलं किंवा खाली तपकिरी डाग दिसला तर तोच. मायक्रोफॅरड तेवढंच घ्या, व्होल्टेज तेवढंच किंवा जास्त, आणि दुकानदाराने ८५ डिग्रीवाला पुढे केला तरी १०५ डिग्रीवालाच मागा. झाळताना पांढऱ्या पट्टीची बाजू म्हणजे मायनस, ती उलटी लावली तर चालू केल्यावर कंडेन्सर फुटू शकतो.