नशामुक्ती केंद्रातून आलेल्या माणसाला कामावर कसं ठेवावं

इंदूरला मल्हारगंजात माझा नमकीनचा छोटा कारखाना आहे. दोन भट्ट्या, पॅकिंगची एक खोली, नऊ माणसं. त्यातले तिघं नशामुक्ती केंद्रातून आलेले. ओळखीचे दुकानदार विचारतात, "काकू, तुम्ही कसं जमवता?" त्यांच्यासाठी हे.

"आधी पूर्ण बरा होऊ दे, मग बघू," असं म्हणू नका. दारू सुटली तरी रिकामा दिवस खायला उठतो आणि पाय परत कलालीकडे, दारूच्या दुकानाकडे, वळतात. अमेरिकेत रॉबर्ट ड्रेक आणि डेबोरा बेकर यांनी १९९०च्या दशकात गंभीर मानसिक आजार असलेल्यांसाठी जी पद्धत बसवली, तिचं सार हेच: ज्याला काम हवंय त्याला लवकर खरं काम, खरा पगार द्या. शिकणं कामावरच होईल. आणि उपचारांशी जोडलेला एक माणूस कायम सोबत ठेवा. व्यसनातून उठणाऱ्यांसाठीही ती आता वापरतात.

हा सोबतीचा माणूस नसेल तर सुरुवातच करू नका. माझ्याकडे केंद्रातली ताई दर मंगळवारी येते. आधी कामावरच्या त्या मुलाशी बोलते, मग माझ्याशी. मला काय सांगायचं, ते तो ठरवतो.

हे मी ठेच लागून शिकले. पहिल्या मुलाच्या वेळी मीच सगळ्यांना सांगितलं, "हा केंद्रातून आलाय, सांभाळून घ्या." भलं करतेय असंच वाटत होतं. पण मग गल्ल्यात दहा रुपये कमी भरले तरी नजरा त्याच्याकडे वळायच्या. अठराव्या दिवसापासून तो आला नाही. ते अजून सलतं.

काम त्याला विचारून द्या. रात्रीच्या गोळीची गुंगी सकाळी उतरत नसेल तर पहाटेची पाळी नको, उकळत्या तेलाची कढई तर नकोच. एकाला पॅकिंगला बसवलं. दोनशे ग्रॅमची पुडी भरताना हात थरथरायचा, लवंगी सेव काट्याबाहेर सांडायची. मी काही बोलले नाही, काट्याखाली एक परात ठेवली आणि हातात लहान डाव दिला. दीड महिन्यानं त्यानं स्वतःच परात काढून ठेवली. आता तो झाऱ्यावर सेव पाडायला शिकतोय.

दुसरा लहानपणी फार मार खाल्लेला. दाराकडे पाठ करून बसूच शकत नसे. आम्ही टेबल फिरवलं. हाक मारल्याशिवाय मागून खांद्यावर हात ठेवायचा नाही, भट्टीचा कितीही आवाज असला तरी ओरडायचं नाही, हा नियम तेव्हापासून सगळ्यांना, मलासुद्धा.

पगार रोख की खात्यात, आठवड्याला की महिन्याला, हेही त्यालाच विचारा. तो म्हणाल्याशिवाय परस्पर बायकोच्या हातात देऊ नका. रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, आणि अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, हे दिवस अवघड. कुठे असणार, कोणासोबत, ते आधीच बोलून ठेवा.

पाय घसरू शकतो. तो शुद्धीत, बरा असतानाच दोघांनी बसून कागदावर लिहा: पिऊन आला तर भट्टीजवळ जायचं नाही, ताईला फोन, त्या दिवशी घरी, बोलणं दुसऱ्या दिवशी. नोकरी कशानं जाईल, तेही स्पष्ट लिहा. रोज पिणाऱ्यानं एकदम थांबवली आणि झटके आले, किंवा तो भ्रमात बोलू लागला, तर उद्यावर ढकलू नका, लगेच दवाखान्यात न्या. नशामुक्तीची सरकारी हेल्पलाइन १४४४६, मनाच्या त्रासासाठी टेलिमानस १४४१६. दोन्ही नंबर आमच्या पाण्याच्या माठावर चिकटवलेत, सगळ्यांसाठी.

आणि सोबतीला मुदत घालू नका. सेववाल्याला दोन वर्षं झाली. मी विचारलं, "आता ताईला यायला नको सांगू का?"

डाव पुसत म्हणाला, "येऊ द्या, काकू. मला रविवार अजून जड जातो."